मामांचा उजवा डोळा आणि चंदन-वंदन

जानेवारीत मामांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. आत भिंग बसवलं. काही दिवस काळा चष्मा लावून मामा दारात खुर्ची टाकून बसले आणि परवानगी मिळाल्या मिळाल्या नेहमीसारखे पहाटे साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्यावर, गावालगतच्या किल्ल्यावर, फिरायला गेले. खाली आले ते तणतणतच. "पैसे घेतलं आन् डोळा होता तसाच ठिवला. चंदन-वंदन दिसतच न्हाईत!" चंदन-वंदन म्हणजे साताऱ्याच्या उत्तरेचे जोडकिल्ले.

डॉक्टरांकडे दोनदा जाऊन आले. डॉक्टरांनी तक्त्यावरची शेवटची ओळ वाचायला लावली, मामांनी ती न अडखळता वाचली. डोळा ठणठणीत आहे, असं डॉक्टर म्हणाले. मामांचं म्हणणं, तक्ता सहा मीटरवर, माझे डोंगर वीस किलोमीटरच्या पलीकडं, मग तक्त्यानं काय कळणार?

मग मला फोन. मी पुण्यात ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे गीझरपासून ग्रहणापर्यंत सगळ्याचा जाब घरात मलाच विचारला जातो. डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू धरतोय, पण त्याच्या ऑपरेशनला मामा साफ नाही म्हणून बसलेले. मी म्हटलं, "मामा, मार्चमध्ये मला चार दिवस सुट्टी आहे. अजिंक्यतारा, कास, वासोटा, महाबळेश्वर करू. डोळा बिघडलाय की हवा, ते आपणच बघू." मामांनी आयुष्य एसटीच्या स्टेअरिंगवर काढलं, शिवाय दरवर्षी पायी वारी. फिरायला चल म्हटल्यावर ते नाही म्हणणार नव्हतेच.

पहिला दिवस, अजिंक्यतारा

संध्याकाळी पाचला वर पोचलो. वहीत डोंगरांची यादी केली होती: अगदी शेजारचा यवतेश्वर, दहा-अकरा किलोमीटरवरचा सज्जनगड, तितक्याच अंतरावर पूर्वेला जरंडा, वीसेक किलोमीटरवर कल्याणगड आणि उत्तरेला त्याच्याही पुढे चंदन-वंदन. नकाशावर पट्टी ठेवून काढलेली अंतरं, एखाददुसरा किलोमीटर इकडेतिकडे.

मामांना म्हटलं, आधी डावा डोळा झाका, मग उजवा. ऑपरेशन न झालेल्या डाव्या डोळ्याने सगळं पिवळट, कळकट दिसत होतं. उजव्याने बघितलं की आभाळ एकदम निळसर. "एवढा फरक हाय म्हनायचा," मामा जरासे वरमले. पण यादी काही पुरी होईना. यवतेश्वर स्वच्छ. जरंडा फिका, तरी ओळखू येण्यासारखा. सज्जनगड राखाडी कागद कापून चिकटवल्यासारखा, नुसती कड. कल्याणगड "हाय म्हणलं तर हाय". चंदन-वंदन दोन्ही डोळ्यांनी नाहीत. माझ्या चष्म्यातूनही नाहीत. मी दुर्बीण काढली, तर तीतून पांढरेपणाच मोठा होऊन दिसला.

दूरचा डोंगर दिसतो तो त्याच्या मागच्या आभाळापेक्षा काळा असतो म्हणून. त्याच्या आणि आपल्या मधल्या हवेत तरंगणारे बारीक कण सूर्याचा प्रकाश विखुरतात आणि त्यातला काही आपल्या डोळ्यात टाकतात. म्हणजे मधली हवा स्वतःच उजळते. अंतर वाढेल तसा हा उसना उजेड वाढतो, डोंगराचा काळेपणा त्यात बुडत जातो आणि डोंगर व आभाळ यांच्यात शंभरात दोनाएवढाच फरक उरला की डोळा हात टेकतो. डोंगर जागेवरच असतो. कण एकही नसता, नुसते वायूचे रेणू असते, तरी ही मर्यादा होतीच, पण हिशोबाने ती जाते साधारण ३९० किलोमीटरवर. आमची वीसच्या अलीकडे आली होती.

एक गोष्ट मामांना माझ्याआधी कळली. सूर्य सज्जनगडाच्या बाजूला कलला होता आणि जरंड्यापेक्षा सज्जनगडच जास्त पुसट होता, अंतर जवळपास तेवढंच असून. "मावळतीला तोंड करून गाडी मारली की काचेवरची सगळी धूळ पेटती. मागं वळून बगितलं तर काच सोच्छ. त्यातलंच हे." अगदी त्यातलंच. हे कण प्रकाश बहुतांश पुढच्या दिशेलाच ढकलतात, म्हणून सूर्याकडे तोंड केलं की धुरकं दाट वाटतं. हे समजावायला वर्गात मला एक तास लागतो.

दुसरा दिवस, कास ते बामणोली

सकाळी सातला यवतेश्वरचा घाट चढताना वळणावर गाडी थांबवली. खाली सातारा झाकणाखाली होता. करड्या रंगाचा थर, वरची कड पट्टीने आखावी तशी सपाट. रात्री जमीन गार होते, तिला टेकलेली हवा गार होऊन जड होते आणि वर ऊबदार हवेचं झाकण बसतं. मग चुलींचा, बंबांचा, गाड्यांचा आणि उसाचं पाचट पेटवलं असेल तर त्याचा, सगळा धूर खोऱ्यातच कोंडतो. दहा-अकरापर्यंत ऊन तापलं की झाकण निघतं आणि तोच धूर वर उचलून पसरतो. शहराला तेवढंच बरं. डोंगरांना मात्र तिथूनच सुरुवात.

घाटाच्या वरच्या अंगाला उतार काळेठिक्कर पडले होते. वणवा. जुनं गवत जाळलं की नवं जोमानं येतं, ही समजूत अजून पुरती गेलेली नाही. वनखातं आग अडवायला जाळरेषा काढतं, पण कुणीतरी काडी टाकतंच. मी उतरून जळकं खोड चोळलं. बोटाला काळं लागलं, पण त्या धुरातलं जे उडून गेलं ते असं हाताला लागणार नाही. एका केसाच्या जाडीत असले शंभरएक कण शेजारी शेजारी सहज मावतील.

गाडीमागे तांबडी धूळ उडत होती. मामांचा ठाम निकाल, डोंगर झाकतात ते या धुळीनं. इथे मी त्यांच्याशी भांडलो. अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांतल्या धुरक्याचा हिशोब मांडायचं एक सूत्र आहे, त्यातले आकडे मला पाठ आहेत. एक ग्रॅम जाडी धूळ हवेत पसरली तर ती अर्ध्या चौरस मीटरपेक्षा जराशा जास्त जागेतला प्रकाश अडवते. एक ग्रॅम सल्फेट, म्हणजे दगडी कोळसा आणि तेल जाळल्यावर निघणाऱ्या गंधकाच्या वायूपासून हवेतच तयार होणारे कण, कोरडे असताना तीन चौरस मीटर. लाकूड-पालापाचोळ्याच्या धुरातले सेंद्रिय कण चार. आणि काजळी दहा, म्हणजे एका लहान खोलीच्या जमिनीएवढी. कणाचा आकार प्रकाशाच्या लहरीच्या लांबीच्या आसपास आला की तो सर्वांत जास्त प्रकाश विखुरतो. धुळीचा कण त्या मानाने धोंडा, शिवाय लवकर खाली बसतो. बारीक कण आठवडाभर तरंगतात आणि शेकडो किलोमीटर जातात.

"म्हंजे धूळ दिसती ती बापडी गरीब," मामा म्हणाले.

कासच्या पठाराला २०१२ साली जागतिक वारशात जागा मिळाली ती पश्चिम घाटाचा भाग म्हणून. मार्चमध्ये ते नुसतं पिवळं गवत आणि तापलेला कातळ. फुलांचे फोटो बघून या दिवसांत येणाऱ्यांची फजिती होते. तलावाजवळच्या टपरीवर चहा घेतला आणि काचेचा ग्लास पाण्याने भरून मागितला. त्यात चमचाभर दूध टाकलं, मोबाईलची बॅटरी एका बाजूने धरली. बाजूने पाणी निळसर दिसतं, समोरून बॅटरीकडे बघितलं की ती तांबूस. टपरीवाल्या ताई कडेवरच्या पोराला घेऊन बघायला आल्या. अजून दोन चमचे दूध घातल्यावर निळा-तांबडा भेद गेला आणि सगळं पांढरं झालं.

"आता यात डोंगर ठेवला तर?" मी विचारलं.

"माझा डोळा ठेव," मामा म्हणाले, "असंच दिसायचं आपरेशनच्या आदी."

ते बोलले ते शब्दशः खरं होतं. मोतीबिंदूत डोळ्याच्या भिंगातली प्रथिनं गोळा होऊन गुठळ्या बनतात आणि आत येणारा प्रकाश विखुरतात. दुधातले थेंब, हवेतले कण, भिंगातल्या गुठळ्या, तिघांचं काम एकच.

बामणोलीत दुपारी पोचलो. शिवसागराचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं पाणी बरंच खाली गेलं होतं, काठाला उघड्या मातीच्या पायऱ्या. वासोट्याची परवानगी आणि लाँच उद्याची. संध्याकाळी काठावर एक लाँचवाले काका बिडी ओढत बसले होते आणि मी त्यांच्या बिडीकडे टक लावून बघत होतो. काकांना वाटलं मला हवीय. त्यांनी बंडल पुढे केलं.

बिडीच्या पेटत्या टोकातून सरळ वर जाणारा धूर निळा होता आणि काकांच्या तोंडातून बाहेर पडणारा पांढरा. बिडी तीच, तंबाखू तीच. टोकाकडचे कण इतके बारीक की ते निळा प्रकाश जास्त विखुरतात. तेच कण छातीतल्या ओल्या हवेत जाऊन आले की पाणी पिऊन, एकमेकांना चिकटून फुगतात आणि मग सगळे रंग सारखेच विखुरतात, म्हणून पांढरे. वातावरणातल्या सल्फेट आणि नायट्रेटच्या कणांचं तेच होतं. आर्द्रता सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या पुढे गेली की ते पाणी ओढून घेतात आणि तेवढ्याच कणांनी धुरकं दुपटी-तिपटीने दाट होतं. शिवसागराच्या काठावर पहाटे ओल कमी नसते.

मी हे काकांना सांगितलं. ते म्हणाले, "आमच्या कारभारनीला सांगू नगा, छातीत काय हुतं ते."

रात्री जेवायला भाकरी-पिठलं. मोबाईलला रेंज नाही, त्यामुळे मामांच्या तावडीत मी सापडलो. अमेरिकेत १९७७ साली स्वच्छ हवेच्या कायद्यात दुरुस्ती करून मोठी राष्ट्रीय उद्यानं आणि राखीव रानं इथली दृश्यमानता माणसाच्या धुराने बिघडू नये, असं उद्दिष्टच ठरवलं. अशी १५६ ठिकाणं आहेत. १९९९ च्या नियमाने २०६४ पर्यंत तिथली हवा नैसर्गिक दृश्यमानतेला न्यायची असं लक्ष्य घातलं. पूर्वेकडच्या उद्यानांत निसर्गतः सुमारे १४५ किलोमीटर दिसायला हवं होतं, ते पंचवीस-चाळीसवर आलं होतं. मोठा वाटा सल्फेटचा, आणि तो येत होता लांबच्या वीजकेंद्रांतून.

"डोंगर दिसावा म्हणून कायदा?" मामांनी खात्री करून घेतली.

"हो."

"आन् आपल्याकडं?"

आपल्याकडे २००९ च्या मानकांत बारा प्रदूषकांच्या मर्यादा आहेत, २०१९ पासून राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आहे, त्यात आपल्या शेजारची सांगलीही आहे. पण सगळी मोजणी श्वासासाठी, नजरेसाठी नाही. मामा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने अंधारातून आवाज आला, "श्वासाचं आदी बघू द्यात. पर डोंगरबी लिवून ठिवायला काय हरकत हाय?"

तिसरा दिवस, वासोटा

सकाळी वनखात्याच्या ऑफिसात नोंद, प्लॅस्टिकच्या बाटल्या मोजून अनामत, मग लाँच. पाण्यावर पांढरी साय धरली होती. लाँचवाले काका तिला धुई म्हणाले. साडेनऊपर्यंत ती पाण्यावरून उठली, पण पलीकडचे डोंगर काही नितळ झाले नाहीत. धुई उन्हाने जाते, कारण ती पाण्याचे थेंब आहे. राहिलं ते धुरकं.

पायथ्याला उतरलो की कोयनेचं जंगल अंगावर येतं. १९८५ चं अभयारण्य, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. ओढा ओलांडून वाट दाट सावलीत शिरते. आमचा वाटाड्या पोरगा विशी-बाविशीचा, मामांना बघून थोडा साशंक. अर्ध्या वाटेवर मामा थांबले. वाटलं दम लागला. त्यांनी हातानेच गप्प केलं आणि वर बोट दाखवलं. चाळीसेक फुटांवर फांदीला चिकटून शेकरू बसलेलं. तांबूस-तपकिरी पाठ, पिवळसर पोट, शेपूट खाली सोडलेली. ते फळ दोन हातांत धरून कुरतडत होतं आणि साल खाली आमच्या पुढ्यात पडत होती. वाटाड्याला ते मामांनंतर दिसलं, मला सगळ्यांत शेवटी.

"कुठल्या डोळ्यानं दिसलं?" मी हळूच विचारलं.

मामांनी एकेक डोळा झाकून बघितला. "उजव्यानं. डाव्यानं नुसती फांदी." पुढे कितीतरी वेळ ते गप्प चालत होते.

बाराच्या सुमाराला गडावर. मारुतीला नमस्कार, टाक्याशी थोडी सावली, आणि थेट बाबूकडा. वर्षानुवर्षं कुणी मला सह्याद्री म्हणजे काय विचारलं की मी या कड्याचं नाव घेतो. इंग्रजी यू अक्षरासारखा आत वळलेला, पोटात गोळा आणणारा तुटलेला कातळ आणि खाली कोकण. दहा-बारा वर्षांपूर्वी ऑक्टोबरअखेर काढलेला इथला एक फोटो मी मुद्दाम छापून नेला होता. पाऊस नुकताच गेलेला, त्यात रसाळ, सुमार, महिपत ही जोडीची डोंगररांग, पलीकडे आणखी दोन पुसट रांगा.

आज कड्याचा पलीकडचा हात स्वच्छ होता, त्यावरच्या भेगा मोजता येत होत्या. पहिली रांग निळसर. दुसरी पेन्सिलीने हलकेच ओढल्यासारखी. तिसऱ्या रांगेच्या जागी पांढरं. रसाळगड नाही, सुमार नाही, महिपत नाही. खाली जंगल एवढं दाट की जमीन दिसू नये, आजूबाजूला मैलोन्‌मैल एक चूल नाही, आणि तरी समोर दुधाचा ग्लास.

कोकणाच्या अंगाला तीन ठिकाणी धूर उठत होता. भातशेतीचे राब भाजायचे, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा पसरून जाळायचे हे दिवस. धुराचे खांब सरळ वर येत होते आणि एका उंचीवर जाऊन आडवे पसरत होते, तिघेही एकाच पातळीवर. मामा म्हणाले, "चुलीचा धूर माळ्याला लागल्यावर असाच आडवा हुतो." त्यांनी दाखवलेला तो माळा आमच्या जवळपास डोळ्यांच्या रेषेत होता. त्याच्या वरचं आभाळ गडद निळं, खालचं राखी. मला तो थर दाखवायला दोन आलेख काढावे लागले असते. पण सगळं पाप त्या तीन राबांवर टाकायचं म्हणजे समोर दिसतंय त्यालाच धरायचं. या पांढऱ्यातलं पुष्कळसं कुठल्या कुठल्या गाड्यांतून, भट्ट्यांतून, बोटींतून निघून चार दिवस प्रवास करून इथे आलेलं असणार. राब भाजणारा निदान दिसतो तरी.

मामांनी छापलेला फोटो हातात धरला, समोर बघितलं, परत फोटो बघितला. मग वही मागून घेतली आणि स्वतःच्या हाताने लिहिलं: रसाळ नाही, सुमार नाही, महिपत नाही. खाली तारीख.

चारच्या आत खाली यायलाच लागतं. परतीच्या लाँचमध्ये पश्चिमेकडून काळे ढग आले, बामणोलीला पोचता पोचता चार टपोरे थेंब पडले, मातीचा वास आला. पाच मिनिटांत सगळं संपलं. "आता उद्या धुऊन निघंल हवा," मामा खूश. मीही म्हटलं, निघेल.

चौथा दिवस, महाबळेश्वर

निघाली नाही. उलट सकाळी कालच्यापेक्षा पांढरं. माझा अंदाज चुकला आणि का चुकला ते मेढ्याच्या रस्त्यावर गाडीत आठवलं. पडता थेंब मोठी धूळ गोळा करतो, पण मायक्रॉनच्या (म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) दहाव्या भागापासून एक मायक्रॉनपर्यंतचे कण थेंबाभोवतीच्या हवेबरोबर बाजूला सरकून निसटतात. नेमके तेच, जे सगळ्यांत जास्त प्रकाश विखुरतात. ते धुवायला ढगातच थेंब बनताना त्यांना आत घ्यावं लागतं आणि तासन्‌तास पाऊस पडावा लागतो. चार शिंतोड्यांनी काही धुतलं नाही, फक्त ओल वाढवली. कण फुगले. काकांची बिडी आठवली.

केळघर घाट चढून महाबळेश्वर. इथे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेची उंचावरची ढग-प्रयोगशाळा २०१२ पासून आहे. पावसाळ्यात ढग तिथे दारातूनच आत येतात म्हणायला हरकत नाही, आणि ढगाचा प्रत्येक थेंब कुठल्यातरी कणाभोवतीच धरतो, म्हणून ढगांबरोबर कणही मोजतात. आम्ही नुसतेच पुढे गेलो. मामांना स्ट्रॉबेरी हवी होती.

ऑर्थर सीटला दुपारी एकला गर्दी. समोर सावित्रीचं खोरं, तळ दिसतोय न दिसतोय असा. शेजारची एक मुलगी मोबाईल उंच धरून म्हणाली, "वॉव, काय मस्त धुकं आहे!" मामा तिच्याकडे वळले. मी त्यांचा शर्ट मागून ओढला, पण उशीर झाला होता. "बाळ, दुपारच्या एकला, मार्चात, धुकं नसतंय. हे धुरकं." आणि पुढची दहा मिनिटं त्यांनी तिला आणि तिच्या सगळ्या ग्रुपला बिडी, दूध आणि माळा असा क्रमाने विषय समजावला. मला एकदाही मध्ये बोलू दिलं नाही. काजळीच्या दहा चौरस मीटरचे त्यांनी वीस केले, तेवढं मी चालवून घेतलं.

संध्याकाळी साताऱ्यात सोडून मी पुण्याला आलो. वही मामांकडेच राहिली.

नऊ दिवसांनी साताऱ्यात चांगला दोन-अडीच तास वळीव झाला, वाऱ्यासकट. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला फोन वाजला. मागे वाऱ्याचा आवाज, म्हणजे मामा अजिंक्यताऱ्यावर.

"दिसत्यात. दोन्ही. चंदन आन् वंदन, मधली खिंडसुद्दा."

मी अर्धवट झोपेत म्हटलं, "वहीत लिहा."

"लिवलं. कल्याणगडबी लिवला. आयक, मास्तर, डावा डोळा झाकून बगितलं तर दिसत्यात. उजवा झाकला की न्हाईत." थोडा वेळ नुसताच वारा. "त्या डॉक्टरला फोन करून दुसऱ्या डोळ्याची तारीख घे. मी केला तर हसंल मला."